सोनाजीभाऊंचं बेट

सोनाजीभाऊ जानेफळातली सगळ्यात चांगली वांगी पिकवायचे आणि त्यातलं एकही खायचे नाहीत.

हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं आणि मीही नवा होतो. चिखलीहून बदली होऊन भूगोलाचा मास्तर म्हणून जानेफळच्या शाळेत आलो आणि सोनाजीभाऊंच्या घरातली रस्त्याकडची खोली भाड्यानं घेतली. सकाळी दार उघडलं की उंबऱ्यावर टोपलीत वांगी. जांभळी, काटेरी देठाची, दवानं ओली. मी भरीत केलं, भाजी केली, शेजारच्यांना वाटली. एका बाजाराच्या दिवशी भाऊंनी पहाटे वांग्यांची पोती गाडीत टाकून चिखलीला रवाना केली आणि दुपारी हातात पिशवी घेऊन गावच्या बाजारातून आले. पिशवीत वांगी होती. मला वाटलं माझेच डोळे फसताहेत.

"भाऊ, विकायलाही वांगी आणि विकतही वांगी?"

"मी वाढवेलं मी नाही खात, मास्तर."

"का बुवा?"

"काऊन म्हनजे? तिकडं कोनीच नाही खात." एवढं बोलून ते चुलीकडे गेले. हे 'तिकडं' म्हणजे कुठे, हे शोधण्यात माझी जानेफळातली पुढची तीन वर्षं गेली.

तिकडं म्हणजे बेटावर. सोनाजीभाऊ दुसऱ्या महायुद्धात पलटणीत स्वयंपाकी होते. पूर्वेकडे कुठेतरी अख्खी पलटण पकडली गेली, कैद्यांना जहाजाच्या पोटात कोंबलं आणि पुष्कळ दिवसांनी एका बेटावर उतरवलं. लढाई संपेपर्यंत भाऊ तिथेच होते. गाव त्यांना बेटवाले म्हणायचं. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला भगर, कपाळाला बुक्का, आणि तोंडात दिवसभर डुकरं.

हो, डुकरं. तो माणूस दुसऱ्या कशावर बोलायचाच नाही. पाऊस कसा, पीक कसं, सरपंच कोण होणार, काहीही विचारा, उत्तर डुकरापाशी जाऊन थांबायचं. त्या बेटावर म्हणे डुक्कर हेच सगळं. पूर्वज होड्यांतून आले ते बायको, पोरं आणि डुक्कर घेऊनच. लग्न ठरवायचं तर डुकरं. मयत झालं तर डुकरं. दोन गावांची मारामारी झाली, तर दोन्ही गावांनी एकमेकांना डुकरं द्यायची, एकमेकांची खायची आणि भांडण तिथेच संपायचं. बायका डुकराच्या पिलाला पोरासारखं कडेवर घेऊन फिरायच्या आणि ते द्यायची वेळ आली की रडायच्या. "तिकडचा इतिहास म्हनजे डुकराईचाच इतिहास, मास्तर. राजा-बिजा काही नाही."

आता गळ्यात माळ असलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना हसावं, रागवावं की कानावर हात ठेवावेत, हे गावाला कधीच ठरवता आलं नाही. मलाही नाही. एकदा शेताच्या धुऱ्यावरून दोघांचं वाजलं. एकानं दुसऱ्याचा बांध नांगरला होता. चावडीवर सगळे जमले. कुणीतरी गमतीनं भाऊंना विचारलं, तर ते डोळे मिटून गंभीरपणे म्हणाले, "तीन डुक्करं."

"तीन कोनी द्याची?"

"दोघायनं बी. मंग दोघायनं बी खाची."

पंचांपैकी एकानं तंबाखू थुंकली आणि विषय बदलला. गंमत अशी की त्या दोघांचं भांडण मी असेपर्यंत मिटलं नाही.

याच डुकरांपायी भाऊंचं लग्न राहिलं. लढाईहून आल्यावर एक स्थळ आलं होतं. मुलीचा बाप भला माणूस. चहा आला, सुपारी फिरली, आणि हे त्याला म्हणाले, "तिकडं पोरीच्या बापाले आपून डुक्करं द्या लागतात. चांगली दहा-बारा. तुमची पोरगी पाह्यली, मले वाटते पंधरा बी कमीच." भाऊंच्या मते त्या मुलीचा याहून मोठा सन्मान कुणी केला नसता. बाप चहा अर्धा टाकून उठला. "कमी बोललो काय मी?" असं भाऊ मला इतक्या वर्षांनंतर विचारायचे.

मी भूगोलाचा माणूस. मला डुकरांपेक्षा बेटाची काळजी. बेटाचं नाव काय, हा माझा प्रश्न.

"बेट."

"अहो पण कोणतं?"

"जहाजाच्या पोटात कोंडेल मानसाले पाटी दिसते काय, मास्तर? भोवताल पानी, मधात डुक्करं. तेच बेट."

एका रविवारी मी त्यांना शाळेत नेलं आणि जगाचा नकाशा भिंतीवर टांगला. नकाशा इतका जुना की त्यात आमचा बुलढाणा अजून भलत्याच प्रांतात होता. पूर्वेकडच्या समुद्रात मी काठी फिरवली. नेमकी तिथेच वाळवी लागलेली. जिथे शंभर बेटं असायला हवीत तिथे एक मोठं भोक होतं आणि भोकातून भिंतीचा चुना दिसत होता. भाऊंनी त्या भोकात बोट घातलं, जरा चाचपडलं आणि समाधानानं म्हणाले, "अथीच कोठीतरी." मग म्हणाले, "डुक्करं काऊन नाही काहाडली नकाशात?"

त्या दिवसापासून माझा नकाशावरचा विश्वास थोडा उडाला, तो अजून बसलेला नाही.

गावाच्या मनात मात्र एकच प्रश्न होता आणि तो कुणी विचारत नव्हतं: यानं खाल्लं का? काही म्हणत, इतकं बोलतो म्हणजे खाल्लंच नसेल. काही म्हणत, इतकं बोलतो म्हणजे दुसरं काही खाल्लंच नसेल. आणि या प्रश्नाचं उत्तर ज्याला माहीत होतं तो भाऊंशी अठरा वर्षं बोलत नव्हता. तो त्यांचा थोरला भाऊ, पुंजाजी.

दोघांचे मळे एकमेकांना लागून, मध्ये फक्त धुरा. एकाच विहिरीचं पाणी पाळीपाळीनं घ्यायचे. एकाची मोट थांबली की दुसऱ्याची सुरू व्हायची, पण शब्द नाही. आई लवकर गेली होती. थोरल्यानंच धाकट्याला अंगाखांद्यावर वाढवलं, असं गाव सांगायचं. लग्नकार्याच्या पंगतीत पुंजाजी एका ओळीत बसले की सोनाजीभाऊ उठायचे आणि वरणाची बादली घेऊन वाढायला लागायचे. मला वाटायचं, काय हौस आहे या माणसाला वाढायची! मी वर्गात त्यांचं उदाहरण देऊन मुलांना सेवाभावाचा धडाही दिला होता. मास्तर लोकांचं असंच असतं.

मग भाऊ तापानं पडले. बाजाराचा दिवस होता. त्यांनी मला पिशवी दिली. "चिंचेखालच्या ढिगातलेच वांगे आनजा. दुसरे नोका आनू." बाजारात मला तूरडाळ हवी होती, गूळ हवा होता, त्यात चिंच राहिली लांब. वाटेत एकाकडे ताजी वांगी दिसली, घेतली. वांगं ते वांगं.

भाऊंनी पिशवीत हात घातला, एक वांगं बाहेर काढून देठ पाहिलं आणि ते परत ठेवलं.

"हे नाही."

"अहो, तुमच्या मळ्यातलं नाहीये हे. दुसऱ्याचंच आहे."

"हाव. पन हे त्याईचं नाही."

"कोणाचं?"

भाऊंनी पिशवी माझ्याकडे सरकवली. मी उठलो आणि भर उन्हात पुन्हा बाजारात गेलो. चिंचेखाली पुंजाजींची बायको बसली होती आणि तिच्या मागे, आमच्याकडे पाठ करून, पुंजाजी. ढिगात काटेरी देठाची, जांभळी वांगी. म्हणजे हुबेहूब भाऊंच्या मळ्यातल्यासारखी. बापानं राखलेलं एकच बियाणं दोघांकडे होतं. तेच बी, तीच माती, तेच पाणी. स्वतःची वांगी टोपलीभर माझ्या उंबऱ्यावर ठेवून हा माणूस अठरा वर्षं भावाची वांगी विकत आणून खात होता. मी परत येताना वाटभर डोकं खाजवत होतो.

त्या दुपारी तापात भाऊ बोलले. मी विचारलंही नव्हतं.

"मास्तर, मी खाल्लं."

बेटावर पहाऱ्यावरच्या सैनिकांनी गावोगावची डुकरं उचलून नेली होती. ज्या बेटाचं सगळं डुकरावर, तिथे डुक्कर दिसेना. लग्नं थांबली, भांडणं मिटेनात, मेलेल्याचं कार्य होईना. कैद्यांना तर कंदमुळंही मिळत नव्हती. शेवटी पहारेकरी पळाले आणि भाऊ तापानं फणफणलेले एका झोपडीपाशी येऊन पडले. झोपडीत एक म्हातारी होती. तिनं रानात खोल खड्डा करून एकच डुकरीण लपवून ठेवली होती. तिचं नाव कोमू.

"बेटाचं नाव नाही माहीत, आणि डुकरिणीचं माहीत आहे?" मी म्हटलं.

"बेटाले कोनी हाक मारते काय? कोमूले दिवसभर मारे ते."

म्हातारीनं भाऊंची हाडं पाहिली आणि दुसऱ्या दिवशी कोमूला बाहेर आणलं. आधी तिचा कान हातात धरून, तिच्या नावानं, घरातलं माणूस जावं तशी रडली. मग पुतण्यांना खूण केली. खड्ड्यात तापलेले दगड, त्यावर पानं, वर माती. "आपल्या रोडग्यावानीच असते ते. धुराचा वास बी तसाच." सगळा पाडा जेवला. मऊ तुकडा म्हातारीनं भाऊंच्या पुढ्यात ठेवला. स्वतः समोर बसली आणि काही खाल्लं नाही. भाऊंनी खुणेनं विचारलं, तू? तिनं स्वतःच्या छातीला हात लावला, मग खड्ड्याकडे दाखवलं, मग भाऊंच्या पोटाकडे.

"मी वाढवेलं हाय, म्हून तू खा. मले तर असंच समजलं. मी माळ काहाडली, झाडाच्या फांदीले अडकवली. इठ्ठलाले म्हनलं, तू घडीभर तिकडं पाह्य. खाल्लं. हात धुतले. माळ घातली."

घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला, ताट पुढे आल्याआल्या, हे त्यांनी बापाला आणि भावाला सांगून टाकलं. न सांगता खपलं असतं. पण त्या म्हातारीचं देणं लपवणं त्यांच्यानं झालं नाही. बापानं ताट बाहेर ठेवायला लावलं आणि थोरल्याला बजावलं, याला पंगतीत घ्यायचं नाही. वर्षभरात बाप गेला. शब्द राहिला.

"आता मी पिकवतो ते दुसऱ्याईनं खावं. आन् मले कोनी वाढवेलं हाय? दादानं. म्हून दादाचं खातो. तो पाठ करून बसते, त्याले काय मालूम, पिशवी कोनाची हाय ते." एवढं बोलून ते कुशीवर वळले. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त गोंधळल्यासारखं झालं, कारण या सगळ्यात चूक कोणाची हे काही केल्या सापडेना.

त्या वर्षी भाऊंनी मळ्यात धुऱ्याला लागून कोहळ्याचा वेल लावला. लालभोपळ्याला इकडे कोहळंच म्हणतात. वेलाला पुष्कळ फळं धरली, ती सगळी खुडून त्यांनी एकच ठेवलं. त्याच्याखाली कडब्याचं अंथरूण घातलं. ऊन वाढलं की माझी छत्री नेऊन त्याच्यावर उघडून ठेवायचे, मी उन्हातून शाळेत. संध्याकाळी त्याच्याशी बोलत बसायचे. कोहळं वाढता वाढता इतकं झालं की दोन हातांत मावेना. नाव अर्थातच कोमू. बेटवाल्याचं डोकं आता पुरतं फिरलं, असं गाव म्हणू लागलं. छत्रीमुळे माझंही नाव त्यात आलं.

माघात पुंजाजींनी मळ्यात रोडग्यांचं जेवण ठेवलं. नातवासाठी बोललेला नवस होता. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे, वरण, वांग्याची भाजी आणि पन्नासेक माणसं. भाऊंना बोलावणं नव्हतंच. सकाळी त्यांनी कोहळं वेलापासून तोडलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं.

"दादाले नेऊन द्या. म्हना, सोनाजीनं वाढवेलं हाय, तो खानार नाही. आन् नाव सांगजा."

"नाव कशाला, भाऊ?"

"बिननावाचं देत नसतात, मास्तर."

धुरा ओलांडून मी निघालो. सरकारी शाळेचा भूगोल शिक्षक, डोक्यावर कोहळं. पन्नास माणसं माझ्याकडे पाहत होती. मान अवघडलेली, घाम डोळ्यांत उतरलेला. वाटभर मी मनात वाक्य घोकत होतो की हे काही डुक्कर नव्हे, कोहळं आहे, कोहळं आहे. पुंजाजींसमोर मी ते ओझं उतरवलं, दम घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "सोनाजीभाऊंनी डुक्कर पाठवलंय. नाव कोमू."

रोडगे फोडणारे हात थांबले. कुणीतरी "राम राम राम" म्हणालं. एका म्हाताऱ्यानं आपली पत्रावळ उचलून मागे सरकवली. माझ्या कानांतून वाफा निघाल्या. अठरा वर्षांचं भांडण मी आज शंभर वर्षांचं करून ठेवलं, एवढंच मला कळत होतं.

पुंजाजी कोहळ्याकडे पाहत राहिले. दगडासारखा चेहरा. मग हळूच म्हणाले, "रडला काय तो?"

"अं?"

"देतांना. ज्यानं वाढवेलं असते तो रडते ना तिकडं."

मी थक्क झालो. भावानं गावभर सांगितलेल्या गोष्टी हा माणूस पाठ करून, अठरा वर्षं, ऐकत बसला होता. मी धुऱ्याकडे पाहिलं. सोनाजीभाऊ आमच्याकडे पाठ करून उभे होते आणि उपरण्यानं तोंड झाकलेलं होतं.

"हाव," मी म्हणालो. माझ्याही तोंडून हावच निघालं.

पुंजाजींच्या बायकोनं विळा आणून नवऱ्यासमोर धरला. आमच्याकडे अख्ख्या कोहळ्याला बाई पहिला घाव घालत नाही, तो पुरुषानंच घालायचा, मग पुढचं बायका चिरतात. ती विळा धरून वाट पाहत उभी राहिली. "तुमीच लावा हात," ती म्हणाली. "भाऊजीचं हाय."

पुंजाजींनी विळा घेतला. डावा हात कोहळ्यावर ठेवला, जरा थोपटल्यासारखं केलं, तोंडातल्या तोंडात ते नाव घेतलं आणि घाव घातला. आतून केशरी निघालं.

भाजी झाली. गूळ घालून, चुलीवर, मोठ्या पातेल्यात. सरकवलेली पत्रावळ म्हाताऱ्यानं परत पुढे ओढली. पंगत बसायच्या आधी पुंजाजी उठले. एका पत्रावळीवर रोडगा आणि आपल्या मळ्यातल्या वांग्याची भाजी घेतली, दुसरीवर रोडगा आणि कोहळं. दोन्ही मला धरायला लावून धुऱ्याकडे चालू लागले. वाटेत थांबून म्हणाले, "बापानं म्हनलं होतं, पंगतीत नोको घेऊ. धुऱ्यावर पंगत नसते. नाही ना, मास्तर?"

"नसते," मी म्हणालो. भूगोलात असं काही शिकवत नाहीत, पण म्हणालो.

"अठरा वर्सं झाले, चांगले वांगे वरच ठेवाले लावतो मी. त्याले वाटते मले मालूम नाही."

धुऱ्याच्या या अंगाला पुंजाजी बसले. त्या अंगाला सोनाजीभाऊ. थोरल्यानं वांग्याची पत्रावळ धाकट्याकडे सरकवली आणि स्वतः कोहळ्याचा घास घेतला. धाकट्यानं भाजी पाहिली, घास केला आणि कितीतरी वेळ तो तोंडाशीच धरून ठेवला. "खा बे," पुंजाजी म्हणाले. अठरा वर्षांत हे पहिलं बोलणं. मग दोघंही जेवले. मी मध्ये उभा, कुठे बसावं ते कळत नव्हतं.

संध्याकाळी भाऊ घरी आले, हातपाय धुतले, माझ्या उंबऱ्यावर बसले. डोळे लाल होते. मला गप्प बसवेना.

"भाऊ, आज जे झालं ते किती डुकरांचं म्हणायचं? वीस? पंचवीस?"

त्यांनी आभाळाकडे पाहत बोटांच्या पेरांवर हिशेब केला.

"एकाचंच, मास्तर," ते म्हणाले. "म्हातारीपाशी एकच होतं."